एका पत्त्यावर दोन नावं

“लावता पैज?” निकुंभ म्हणाले. “बागुल साहेबांचंच नाव निघणार. पंपाच्या बोर्डात मागच्या वेळी त्यांचंच निघालं होतं.”

“निकुंभ, आज चेष्टा नको,” बागुल साहेब म्हणाले. “मोगलांचे सकाळपासून फोनवर फोन चाललेत.”

बैठकीच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलावर मोगलांच्या पिंपळगावच्या शीतगृहातून काढून आणलेला कंट्रोल बोर्ड होता. त्याच्या कडांना अजून ओल होती आणि खोलीभर आंबलेल्या द्राक्षांचा वास सुटला होता. बोर्ड अडकून गारवा बंद पडला त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे काही होतं, ते मी तसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. आता ते डीबगरला, म्हणजे चुका शोधणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमला, द्यायचं आणि विचारायचं, प्रोग्रॅम नेमका कुठे थांबला होता?

मशीनला नावं कळत नाहीत. त्याला फक्त पत्ते कळतात, म्हणजे आकडे. माणसांनी दिलेली नावं प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये एका वेगळ्या यादीत पडून असतात. ती यादी वाचायची आणि पत्त्याला त्याचं नाव लावून द्यायचं, हे काम आमच्या डीबगरचा जो भाग करायचा, तो मी त्याच हिवाळ्यात नव्यानं लिहून पुरा केला होता.

मी कळ दाबली. भिंतीवरच्या पडद्यावर एकच ओळ उमटली.

एमएन_दार.

आमच्या कंपनीत एक रीत होती. फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्याच्या, नावाआधी ते लिहिणाऱ्याची आद्याक्षरं घालायची. कंपनी एका गाळ्यात होती तेव्हा बागुल साहेबांनीच ती घालून दिली होती. ज्याचं काम त्याचं नाव, असं ते म्हणायचे. त्यामुळे आमचा डीबगर जागा सांगायचा, तसा माणूसही सांगायचा.

एमएन म्हणजे मुरलीधर निकुंभ.

ते खुर्चीतून पुढे वाकले. पडद्यावरची ओळ वाचली. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

“माझंच आहे,” ते म्हणाले.

“नीट बघा एकदा,” साहेब म्हणाले.

“बघायचं काय? दार लागेपर्यंत थांब, असं सांगितलंय मी त्याला. किती वेळ थांब ते सांगितलेलं नाही. दार लागल्याचं सेन्सरनं कळवलंच नाही, तर बसेल जन्मभर थांबून. तेच झालं.”

“दाराला मुदत लागत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. कोणीतरी येऊन लावतंच म्हणून.”

“लागते असं दिसतंय.”

निकुंभांच्या हातची चूक आजवर गिऱ्हाइकापर्यंत गेली नव्हती. हे ते प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ऐकवायचे, आणि आम्ही मागे उभे राहून ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणायचो. बागुल साहेबांनाही ते पाठ होतं. म्हणून की काय, त्यांनी आधी टेबलावरचा बोर्ड हातानं बाजूला सरकवला. मग म्हणाले, “शुक्रवारी मोगल इथे येतायत. त्यांना समोर माणूस लागतो. मला त्यांना सांगावं लागेल, की ज्यानं हे लिहिलं तो आता कोड लिहीत नाही. तुम्ही सोमवारपासून सर्व्हिसला जा, निकुंभ.”

सर्व्हिस म्हणजे पिशवीत पाने-पेंचिस घेऊन साइटवर हिंडायचं, पंखे बदलायचे, गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. उभी हयात कोड लिहिलेल्या माणसाला ती बदली नव्हती, शिक्षा होती.

“जातो,” निकुंभ म्हणाले. इतक्या सहज, की साहेबांनीच मान खाली घातली.

मी लॅपटॉप मिटला. मला वाईट वाटत होतं, पण माझं लिखाण पहिल्याच खऱ्या कामात नीट चाललं होतं, हेही मनात होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

डीबगरचा तो जुना भाग विलास देवरेंनी लिहिला होता. ते आणि निकुंभ धुळ्याला एकाच कॉलेजात होते आणि एकाच दिवशी कंपनीत लागले होते. देवरेंची सी भाषा त्या काळची होती. कंसात नुसती नावं, त्यांचे प्रकार खाली वेगळ्या ओळींवर. मेमरी हातानं मागून घ्यायची, हातानं परत द्यायची. नवा कंपायलर त्या फायली घ्यायला तयार नव्हता. मी फिजिक्सची, या कामात उशिरा आलेली. अशी जुनी, गुंतलेली गोष्ट सोडवून स्वच्छ मांडायला मला आवडतं. देवरेंच्या कोडात एके ठिकाणी नावं पत्त्यांप्रमाणे लावून झाल्यावर पुन्हा एकदा पहिल्यापासून फेरी मारलेली होती. उड्या मारत मागे जाणारा, डोळ्याला खुपणारा तुकडा. वर खुलासा नाही. मी तो काढला आणि सरळ तक्ता घातला. पत्ता द्यायचा, नाव घ्यायचं. तीन फायलींची एक झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

देवरे आदल्या वर्षी फुप्फुसाच्या आजारानं गेले होते. त्यांच्या पत्नीला, हेमलताताईंना, साहेबांनी चाचणी विभागात घेतलं होतं. बोर्ड लावायचे, आम्ही लिहून दिलेल्या चाचण्या चालवायच्या, निकाल सांगायचे. माझ्या नव्या भागाच्या चाचण्याही त्यांनीच केल्या. सगळ्या पास झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, “मॅडम, ह्यांचं काही राहिलं का त्यात?”

“रीत त्यांचीच आहे, हेमाताई,” मी म्हटलं होतं. “मांडणी तेवढी बदललीय.”

त्यांना ते पुरलं असावं. 

बुधवारी नवा बोर्ड बसवायला निकुंभ आणि मी पिंपळगावला गेलो. शीतगृहाच्या अंगणात क्रेट रचून ठेवले होते आणि त्यांच्याखालून रस वाहत होता. गांधीलमाश्यांमुळे बोलायलाही तोंड उघडवत नव्हतं. काकासाहेब मोगल पायऱ्यांवरच उभे होते.

“या,” ते म्हणाले. “तुमच्यातलं दोषी कोण म्हणायचं?”

“मी,” निकुंभ म्हणाले.

मोगलांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “लगेच कबूल करताय? इथला रंग उडाला, तर पुण्याचा तो रंगवाला अजून म्हणतो, भिंत आधीपासूनच ओली होती.” मग आवाज चढवून, “पण राव, माल माझ्या एकट्याचा असता तर चाललं असतं. गावाचा माल होता. लोक मला विचारतायत, मी कोणाला विचारू? तुमच्या डबड्याला?”

“मला विचारा. मी आलोय त्यासाठीच.”

“काय झालं तरी काय त्याला?”

“दार उघडं आहे असं समजून ते थांबून राहिलं,” निकुंभ म्हणाले.

“दार?” मोगल म्हणाले. “अहो, दाराला कुलूप होतं! खोली भरली होती. सोमवारी कंटेनर येईपर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही म्हणून मी स्वतः घातलं होतं. किल्ली माझ्या कमरेला.”

मी निकुंभांकडे पाहिलं. ते दाराची चौकट निरखत होते.

मी दाराच्या सेन्सरला लॅपटॉप लावला. दार उघडलं की तो उघडं सांगत होता, लावलं की लागलं. दहा वेळा करून पाहिलं. मोगल दार उघडझाप करून देत होते आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, “बघा. बघा.”

“ओलाव्यानं बिघडला असेल त्या वेळी,” निकुंभ म्हणाले. “आता सुकला.”

परत येताना गाडी तेच चालवत होते. ओझरच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, “निकुंभ, दार बंद होतं.”

“ऐकलं मी.”

“बंद दार लागायची वाट कोण पाहील?”

“हे मला विचारतेस, की स्वतःला?”

ते मला नेहमी ‘सांगळेबाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचे, चेष्टेत. त्या दिवशी ‘तू’ आलं.

“मी उद्या पुन्हा बघते.”

“कशाला? नाव निघालंय, माणूस कबूल झालाय, साहेबांनी निकाल दिलाय. कोर्टातसुद्धा इतकं लवकर होत नाही.” ते हसले. “सर्व्हिसला चांगलं असतं. गावोगाव हिंडेन, ढाब्यावर जेवेन. शैला तर म्हणेल, घरात नाहीत तेच बरं. गेले दोन महिने मला सांगतेय की तुम्ही घोरता.”

मला हसू आलं नाही. त्यांनाही सर्व्हिसला जाणं खरं तर नको होतं, हे गाडी चालवण्यावरून कळत होतं. ते कधी नव्हे ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी माझा भाग बाजूला ठेवला आणि शीतगृहाच्या प्रोग्रॅममधली नावांची यादी कच्ची, जशी फाइलमध्ये होती तशी, छापून पाहिली. अडकलेला पत्ता शोधला. त्या पत्त्यावर दोन नावं होती.

एमएन_दार आणि व्हीडी_प्रेशर. व्हीडी म्हणजे विलास देवरे.

असं होतं. प्रोग्रॅम बोर्डात मावेनासा झाला की तो आवळताना, दोन फंक्शनं आतून हुबेहूब सारखी निघाली तर त्यांतलं एकच ठेवतात आणि दोन्ही नावं त्याच जागेला लावून देतात. एका घरावर दोन पाट्या. इथे दोन्हींचं काम एकच होतं, बोलावणारा सांगेल त्या सेन्सरची खूण येईपर्यंत थांबायचं. देवरेंना हे ठाऊक होतं. त्यांच्या कोडातली ती पुन्हा मारलेली फेरी त्यासाठीच होती. एका पत्त्यावर दुसरं नाव सापडलं तर तेही दाखवायचं, म्हणजे बघणारा पुढे जाऊन पाहील की त्या फंक्शनला बोलावलं कोणी होतं. माझ्या तक्त्यात एका पत्त्याला एकच नाव बसत होतं. आधी आलेलं राहिलं, मागून आलेलं गळून गेलं. आमच्या चाचण्यांचे प्रोग्रॅम लहान होते. त्यांना आवळायची वेळच येत नव्हती, म्हणून कुठेच दिसलं नाही.

मी देवरेंची फेरी माझ्या भाषेत पुन्हा लिहिली. थोड्याच ओळी झाल्या. मग तीच मेमरी पुन्हा डीबगरला दिली. दोन्ही नावं आली. बोलावणारा कोण ते पाहिलं. कॉम्प्रेसर. म्हणजे प्रोग्रॅम दाराची वाट पाहत नव्हताच. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करण्याआधी गॅसचा दाब उतरावा लागतो, त्याची वाट पाहत होता. दाबाचा सेन्सर गोठला होता, आणि वाट पाहायला मुदत नव्हती.

मला हलकं वाटलं. पहिलं जे वाटलं ते हे. निकुंभ सुटले, आणि मीही सुटणार.

ते ड्रॉवर रिकामा करत होते. मी शेजारी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी हातानं ‘हळू’ अशी खूण केली.

“हो,” ते म्हणाले.

“हो म्हणजे? माहीत होतं तुम्हाला?”

“पडद्यावर नाव आलं तेव्हाच. दाराची वाट पाहताना मी आधी पंखे बंद करतो. तिथले पंखे शेवटपर्यंत चालू होते. मोगलच फोनवर म्हणाले होते.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी ड्रॉवर आत ढकलला. “विलासनं ते हॉस्पिटलातून पाठवलं होतं. शेवटच्या खेपेला. साहेब म्हणत होते राहू दे, हा ऐकेना. पाठवायचा आणि मी तपासायचो, ठरलेलंच होतं आमचं. त्या आठवड्यात त्याच्या तीन चुका काढल्या मी. पूर्वी चूक काढली की शिव्या द्यायचा. ‘निकम्म्या, तुझा बाप तरी असं लिहील का,’ म्हणायचा. या वेळी काय म्हणाला माहितेय? सॉरी. विलास देवरे मला सॉरी म्हणाला.” त्यांनी ड्रॉवरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “मग हे आलं. दाराला मुदत नसली तर चालतं, दाबाला चालत नाही, हे पहिल्या वाचनातच दिसलं. चौथी चूक नाही सांगितली. म्हटलं, आपणच करू नंतर. मग तो गेला, आणि त्याच्या फाइलला हात लावावासा वाटेना. आता तू सांग. नाव कोणाचं हवं होतं पडद्यावर?”

मी खुर्ची थोडी मागे घेतली.

“तुझं यंत्र दुरुस्त केलंस, बरं केलंस. करायलाच हवं होतं. पण ही मेमरी त्याला पुन्हा दाखवू नकोस. हेमलता वहिनी त्याच खोलीत काम करतात. त्याच्या नावावर शेवटचं हे नको.”

“म्हणजे माझ्या चुकीपायी तुम्ही सर्व्हिसला जायचं?”

“तुझ्या नाही.”

“माझ्याच. माझा डीबगर अर्धं बोलला आणि तुमची जागा गेली. मी रोज इथे बसून ती रिकामी खुर्ची बघू?”

“अच्छा,” निकुंभ म्हणाले. “म्हणजे प्रश्न खुर्चीचा आहे. तुझ्यासमोरच्या.”

मी उठले. ते मागून म्हणाले, “अलका, विनंती समज.”

मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. त्यांनी ते हो धरलं असावं.

शुक्रवारी सकाळी मी बागुल साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या मनात असं होतं की फक्त साहेबांना सांगायचं. निकुंभांची बदली थांबेल, मोगलांना साहेब काहीतरी सांगून वाटेला लावतील. चार भिंतींबाहेर काही जाणार नाही. साहेबांनी सगळं ऐकलं. दाब, दोन नावं, बोलावणारा. निकुंभांनी तपासताना काय केलं होतं, ते मी सांगितलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं, आणि मग माझ्या देखत ते ओसरून दुसरंच काही आलं.

“मग निकुंभना कशाला हलवायचं?” ते म्हणाले. “सांगळे, तुम्ही फार मोठं काम केलंत. मोगलांसमोर हेच दाखवा.”

“साहेब, हे आपल्यातच—”

“अहो, गिऱ्हाइकाला खरं सांगितलेलं आवडतं. आणि आता लपवायचं कोणासाठी?”

मला तिथेच थांबवता आलं असतं. हेमलताताईंचं नाव घ्यायचं होतं फक्त. मी म्हटलं, “बरं.” माझं काम चुकलं होतं आणि मीच ते दुरुस्त केलं होतं, हे सगळ्यांनी पाहावं असं मला वाटत होतं का? मला आजही खात्रीनं नाही म्हणता येत नाही.

मोगल वेळेवर आले, पांढऱ्या टोपीत, सोबत एक पेटी घेऊन. पेटीत चांगली द्राक्षं होती. “ही वाचलेली,” ते म्हणाले. “म्हटलं, बघा तरी काय होता माल.” निकुंभ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मी लॅपटॉप जोडत असताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

मी ठरवलं होतं की तोंडानं कोणाचं नाव घ्यायचं नाही. दाबाचं फंक्शन, असंच म्हणायचं. तसंच म्हटलं. मोगलांना दोन पाट्यांचं उदाहरण दिलं, ते त्यांना लगेच पटलं. कॉम्प्रेसर, दाब, गोठलेला सेन्सर. मी एकदाही चुकले नाही. पण भिंतीवर मागे ते नाव होतंच, वीतभर उंचीच्या अक्षरांत. मी जे परत आणलं होतं, तेच.

“हे व्हीडी कोण?” मोगलांनी विचारलं.

“आमचे देवरे,” बागुल साहेब म्हणाले. “विलास देवरे. हुशार माणूस होता. आता नाहीत ते.”

“नाहीत म्हणजे?”

“वारले. गेल्या वर्षी.”

मोगलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “अरेरे. मग सोडा,” ते म्हणाले. “गेलेल्या माणसावर काय राग धरायचा? म्हटलं हे बसलेत हे दोषी,” त्यांनी निकुंभांकडे हात केला, “तर हे आपले उगाच अंगावर घेत होते! भला माणूस आहे, साहेब. ह्यांना कुठे हलवू नका.”

“छे, छे,” साहेब म्हणाले. “हलवायचं कशाला?”

खोलीतला ताण एकदम गेला. साहेब हसले, मोगल हसले. कोणीतरी पेटीचं झाकण काढलं. मग माझं लक्ष दाराकडे गेलं. साहेबांनी दाबाच्या सेन्सरचा नवा बोर्ड मागवला होता, मोगलांना दाखवायला. तो घेऊन हेमलताताई उभ्या होत्या. किती वेळ, ते मला माहीत नाही. त्या आत आल्या, बोर्ड टेबलावर सावकाश ठेवला, त्याची तार नीट गुंडाळली, आणि गेल्या.

“घ्या की ताई, द्राक्षं,” मोगल त्यांच्या पाठीला म्हणाले.

निकुंभांची जागा राहिली. निवृत्त होईपर्यंत ते कोडमध्येच होते. पुढे त्यांनी मला कधी सांगळेबाई म्हटलं नाही, अलकाही नाही. मॅडम म्हणायचे. हेमलताताईंनी ते वर्ष संपायच्या आत नोकरी सोडली आणि सटाण्याला भावाकडे गेल्या.

पण त्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“मॅडम, मघाचं ते मला जरा दाखवता?”

निकुंभ पलीकडून उठून आले. मी फंक्शन उघडलं. काही ओळींचंच होतं. हेमलताताई वाकून पाहू लागल्या.

“हे मी टाइप केलंय,” त्या म्हणाल्या.

त्यांना नीट दिसावं म्हणून मी उठून बाजूला झाले.

“शेवटी शेवटी हात उचलत नव्हते त्यांचे. ते सांगायचे, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहायचे. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कंस म्हणाले की कंस. हे मला आठवतंय. म्हणाले, ‘निकुंभचं दार आहे ना, तेच खाली उतरव.’ मी उतरवलं. मग म्हणाले, ‘आणि’. एवढं म्हणाले आणि खोकला लागला. नर्स आली, तोंडाला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी मी विचारलं, दुपारचं ते पुढे काय होतं? तर म्हणाले, ‘कुठलं? झालं ना ते. दे पाठवून.’”

“वहिनी, ते मी तपासलं होतं,” निकुंभ म्हणाले. “मला दिसलं होतं. दिसूनही सोडलं. ही चूक माझी आहे, त्याची नाही. तुमची तर नाहीच नाही.”

“तुम्ही तपासलंत ते पाठवल्यावर, भाऊजी,” हेमलताताई म्हणाल्या. “त्याच्या आधी ते माझ्याकडे होतं.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “मॅडम, त्या ‘आणि’च्या पुढे काय होतं, ते तुमच्या यात कुठे निघतं का? त्यांना सांगायचं होतं आणि मी घेतलं नाही, की त्यांना सांगायचंच नव्हतं?”

निकुंभ माझ्याकडे पाहत होते. मी काहीतरी म्हणावं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. पण दोन उत्तरं होती. एकानं त्यांचा नवरा चुकला असता, दुसऱ्यानं त्या.

“नाही, हेमाताई,” मी म्हटलं. “फाइलमध्ये जे आलं, तेवढंच निघतं.”

“हो. बरोबर आहे.”

त्यांनी माझी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. बोट पडद्यावर ठेवून पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या, अगदी हळू आवाजात, मधे मधे थांबत. मला आधी वाटलं, त्यांना वाचायला जड जातंय. मग लक्षात आलं की त्या सांगितलेलं लिहून घेताना थांबत असतील तशा थांबत होत्या. शेवटच्या कंसाशी आल्या. तिथे बोट तसंच ठेवून, मान किंचित कलती करून, वाट पाहत राहिल्या. मग बोट पुन्हा वर नेलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.